शिळ्या पाण्याची भिंत

मीनाबाई सरवदे यांचं माणसांविषयीचं मत वाईट होतं. ते काही एका दिवसात झालेलं नव्हतं, त्यामागे एकतीस वर्षांची नोकरी होती. सोलापुरातल्या एका कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात त्या प्रयोगशाळा सहायक होत्या. सहायक हा कागदावरचा शब्द. प्रत्यक्षात काचेच्या चपट्या बश्या धुवायच्या, उकळायच्या, त्यांत बुरशीचं खाद्य ओतायचं आणि चार-पाच दिवसांनी त्यावर किती ठिपके उगवले ते मोजायचं. मोजणं हे खरं तर सरांचं काम. पण सर म्हणायचे, "मीनाबाई, जरा मोजून ठेवा," आणि कँटीनला जायचे. या 'जरा मोजून ठेवा'वर तिघं जण पीएचडी झाले. तिघांपैकी एकानंच प्रबंधाच्या शेवटच्या पानावर आभार मानले, आणि ते 'मैनाबाई' यांचे मानले. मीनाबाई हे ज्याला त्याला सांगत. "मोजलं मी, डॉक्टर झाले ते, आन् आभार पाखराचे," असं म्हणून त्या वर एक 'हं' टाकत. तो 'हं' कॉलेजात प्रसिद्ध होता. प्राचार्यसुद्धा तो ऐकला की विषय बदलायचे.

निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळावर देणाऱ्यांची नावं ठळक आणि मीनाबाईंचं बारीक. त्यांनी नारळाची चटणी केली, शाल जावेला दिली आणि घड्याळ सेल न घालताच कपाटावर टाकून दिलं.

घरी बसून महिना होतोय तोच डॉक्टर इंद्रायणींचा फोन आला. सात रस्त्याजवळ त्यांचा छातीच्या विकारांचा दवाखाना. एकेकाळी त्याच कॉलेजात शिकलेल्या, तेव्हा त्यांना बशी सरळ धरता येत नव्हती. डॉक्टर म्हणाल्या, "मावशी, माझे खोकल्याचे पेशंट औषधानं बरे होतात आणि महिन्याभरात परत येतात. त्यांच्या घरात काय आहे ते जरा बघून याल?"

"काय असणार? माणसं असतील," मीनाबाई म्हणाल्या. पण गेल्या.

त्याला आता सहा वर्षं झाली. घरातली हवा आणि बुरशी तपासणं हा त्यांचा धंदा झाला. पिशवीत सामान थोडंच. हवेतला दमटपणा दाखवणारं एक यंत्र, धूळ मोजणारं दुसरं, आणि दोन सुया भिंतीत टोचल्या की ओल किती ते आकड्यात सांगणारं तिसरं. बश्या मात्र त्या स्वतः भरायच्या. बटाट्याचं पाणी, साखर आणि ते गोठायला चायना ग्रास, सगळं कुकरमध्ये नीट शिजवून. बुटक्या फ्रीजच्या एका कप्प्यात या बश्यांची चळत असे, आणि त्यांचे यजमान भीमा, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, रोज जेवताना कुरकुरत, "भाजीत बटाटा दिसंना आन् बुरशीला मातर पाहुणचार हाय."

"बुरशी वेळेवर उगवती. नावं ठेवीत न्हाय," मीनाबाई म्हणत आणि ताट सरकवत.

सोलापुरात ओल असते हेच मुळात लोकांना पटत नसे. इथं एप्रिलात गच्चीवर कुरडया दोन तासांत वाळतात, अंगावरचा घाम पुसायच्या आधी सुकतो, इथं कुठली ओल? ओल कोकणात. असं म्हणणाऱ्यांच्या घरात शिरलं की माळ्यावर टाकी, न्हाणीत पिंप, जिन्याखाली हौद आणि पलंगाखाली कॅन दिसत. नळाला पाणी चार-चार, पाच-पाच दिवसांनी येणार, म्हणून माणूस मिळेल त्या भांड्यात ते कोंडून ठेवणार. मग ते गळतं, पाझरतं, सांडतं. मीनाबाईंचं म्हणणं असं, की रोज पाणी येणाऱ्या गावची माणसं पाणी नळात ठेवतात आणि सोलापूरकर भिंतीत ठेवतो.

सुरुवातीला त्या बश्या उघड्या ठेवून निघून जायच्या. अर्धा तास उघडी ठेवायची, हवेत तरंगणारं त्यावर बसू द्यायचं, मग झाकण लावून घरी आणायची, एवढीच ती रीत. पण भवानी पेठेत एका विणकराच्या घरी शांतम्मा नावाच्या आजीनं सहाच्या सहा बश्यांवर ताटल्या झाकल्या. तिला ते खरवसासारखं काहीतरी वाटलं. उघडं अन्न ठेवणं तिच्या हयातीत त्या घरात झालं नव्हतं. मीनाबाई परत आल्या तेव्हा आजी वर म्हणाली, माशी बसू दिली नाही हं एकही. त्या दिवसापासून मीनाबाई बशीजवळ अर्धा तास स्वतः बसू लागल्या. पंखा बंद, तोंड बंद. अशी गप्प बसलेली बाई लोकांना सहन होत नाही. दहा मिनिटांत घरातलं कुणीतरी येऊन बोलायला लागतं, आणि यंत्र जे सांगत नाही ते ते बोलणं सांगतं.

आणखी एक गोष्ट त्या न चुकता विचारायच्या, या खोलीत झोपतं कोण? घरातली सगळ्यात कोंदट खोली कुणाला दिली आहे हे कळलं की त्या घराची बाकी चौकशी करावी लागत नाही. कुठे ती म्हाताऱ्या वडिलांची असते, कुठे भाडेकरूची, कुठे लग्न न झालेल्या बहिणीची. "कमावत्या माणसाच्या उशाला ओल आलेली मी अजून बघितली न्हाय," असं त्या डॉक्टरांना म्हणायच्या, आणि डॉक्टर हसून पुढच्या घराचा पत्ता द्यायच्या.

असाच एक पत्ता जुळे सोलापूरचा होता. मंद्रूपकर यांचा बंगला, नाव 'संस्कार'. प्रभाताई मंद्रूपकर मुलींच्या शाळेच्या निवृत्त हेडबाई, मुलगा सुबोध एका कचेरीत क्लार्क, आणि सून सोनाली, वेळापूरची. लग्नाला तीन वर्षं झालेली, आणि त्यातली दोन वर्षं सोनाली खोकत होती. आता नुसतं खोकणं राहिलं नव्हतं, श्वास घेताना शिट्टी वाजत होती. डॉक्टर इंद्रायणींनी औषधं दिली आणि सांगितलं, घर तपासून घ्या. प्रभाताई आनंदानं तयार झाल्या. घर तपासायला इतक्या आनंदानं तयार होणारं माणूस मीनाबाईंनी पाहिलं नव्हतं. आत पाऊल टाकताच त्याचं कारण त्यांच्या नाकाला कळलं.

डिस्टेंपरचा ताजा वास होता, फिनेलचा होता, आणि त्या सगळ्यावर धुपाचा लोट होता. पाहुणे येणार म्हणून घर सारवावं तसं प्रभाताईंनी तपासणी होणार म्हणून घर रंगवून घेतलं होतं. धुळीचं यंत्र धुपानं असं भडकलं की आकडा दिसेना.

"मॅडम, मी हवा तपासायला आलेय. धूप तपासायचं यंत्र माझ्याकडं न्हाय."

"'नाही' म्हणावं, मीनाबाई," प्रभाताई सवयीनं म्हणाल्या.

"बरं, नाही तर नाही. पण विझवायचा कुणी?"

सुबोधनं धूप विझवला. प्रभाताईंनी मीनाबाईंना दिवाणखान्यात बसवलं आणि पाणी देण्याआधीच मुद्द्याला हात घातला. "तुम्ही एवढंच लिहून द्यायचं, की आमच्या घरात काही दोष नाही. रविवारी दहा वाजता हिचे वडील वेळापूरहून येणार आहेत. दम्याची मुलगी आम्हाला सांगून दिली असती तर गोष्ट वेगळी होती. लपवून दिली. घर निर्दोष आहे हे एकदा कागदावर आलं की मुलगी त्यांच्याबरोबर जाईल, कायमची. आम्हाला भांडण नको, कागद हवा."

हे प्रभाताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या सोनालीसमोर बोलल्या. आवाजही खाली केला नाही. सुबोध मोबाइलवर बोट फिरवत होता. त्याचं बोट थांबलं नाही. मीनाबाईंनी त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि त्याला मनातल्या मनात शून्य मार्क दिले. सोनालीकडेही पाहिलं. स्वतःच्या नावाची अशी होळी होत असताना पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहणारी ही पोरगी त्यांना गाय वाटली. गायीबद्दल त्यांना दया यायची, आदर वाटायचा नाही.

एक बशी गच्चीवर, एक दिवाणखान्यात, एक सोनालीच्या खोलीत. मीनाबाई त्या खोलीत जाऊन बसल्या. खोली मागच्या अंगाला होती. ऊन नको म्हणून खिडकी बंद, त्यावर जाड पडदा. एका भिंतीला सोनालीच्या वडिलांनी दिलेलं प्लायवूडचं तीन दारांचं, आरशाचं कपाट. भिंत नव्या रंगानं पिस्त्यासारखी हिरवीगार झाली होती, पण रंग कपाटाच्या कडेला येऊन थांबला होता. रंगाऱ्यानं कपाट हलवलंच नव्हतं, त्याच्याभोवतीनं कुंचला फिरवला होता. वरून कीर्तन, आतून तमाशा. मीनाबाईंनी कपाटामागच्या बोटभर फटीला नाक लावलं आणि लगेच मागे घेतलं.

"मॅडम, कपाट हलवायला लागंल."

"ते भरलेलं आहे," बाहेरून प्रभाताई म्हणाल्या. "रविवारी हिच्याबरोबर जायचंच आहे. तेव्हा हलेल."

मीनाबाईंनी रंगवलेल्या भिंतीच्या पायथ्याला सुया टोचल्या, आकडा पाहिला, वहीत लिहिला आणि बशीजवळ येऊन बसल्या. दहा मिनिटं झाली. सोनाली पलंगाच्या कडेला टेकली.

"माहेरी गेलं की येतो का खोकला?" मीनाबाईंनीच विचारलं.

"न्हाय मावशी. चार दिसांत थांबतो. इथल्या आई म्हणतात, मग नाटक हाय."

"म्हंजे रोग बी हाय आन् नाटक बी हाय. दोन्हीतलं एक कायतरी ठरवा म्हणावं."

सोनाली हसली. हसण्याचा खोकला झाला, आणि तो थांबायला बराच वेळ लागला. मीनाबाई बशीकडे बघत राहिल्या. मग झाकण लावलं, त्यावर खोलीचं नाव लिहिलं आणि उठल्या. प्रभाताईंनी चहाचा आग्रह केला. त्या म्हणाल्या, मी भिंत बघायला आलेय, पाहुणी न्हाय. 'न्हाय' मुद्दाम लांबवून म्हणाल्या.

पाच दिवस बश्या घरातल्या फळीवर होत्या. शनिवारी संध्याकाळी मीनाबाईंनी चष्मा लावला. गच्चीवरच्या बशीत चार ठिपके, दिवाणखान्याच्या बशीत सात. सोनालीच्या खोलीतली बशी मोजताच येईना, ठिपके एकमेकांत मिसळून हिरवा-काळा गालिचा झाला होता. तरी त्यांनी तीनदा मोजायचा प्रयत्न केला. कॉलेजात असताना त्या एकदाच मोजायच्या.

भीमा मागून वाकून बघत म्हणाले, "आयला, हे कुणाच्या नशिबाचं?"

"एका सुनेच्या."

"मग लिही की, खोली नासकी हाय म्हणून. मिटलं."

"मिटत न्हाय आवो. बुरशी हाय एवढं लिवलं तर ती हेडबाई म्हणंल, सुनेनं आणली."

"बुरशी कोण आणतंय व्हय माहेरातनं?"

"तुमी हेडबाई बघितल्या न्हाईत." मीनाबाईंनी बश्या पिशवीत घातल्या. बुरशी कुठून येते ते हाती लागल्याशिवाय तो कागद लिहिण्यात अर्थ नव्हता. अर्धवट कागद गेला तर ती पोरगी उद्या दहा वाजता रोगी म्हणून गाडीत बसणार होती, आणि त्या कागदावर सही मीनाबाईंची असणार होती. हे त्यांना अजिबात आवडलं नाही. प्रबंधात नाव चुकलं ते एक वेळ परवडलं.

रविवारी सकाळी नऊला त्या 'संस्कार'पाशी पोहोचल्या. नळाला पाणी आलेलं होतं, गल्लीभर मोटारी चालू होत्या. समोरचं दार वाजवलं तर कुणी येईना, म्हणून त्या बंगल्याला वळसा घालून मागच्या बोळात गेल्या. तिथं प्रभाताई पदर खोचून उभ्या होत्या आणि सुबोध भरलेल्या पिंपातून बादल्या काढून भिंतीच्या पायथ्याशी ओतत होता. भदाभदा. ती भिंत सोनालीच्या खोलीची होती.

मीनाबाईंनी पिशवी खाली ठेवली. "काय चाललंय मॅडम?"

"शिळं पाणी टाकतोय. ताजं आलंय ना."

"कधीचं शिळं?"

"बुधवारचं."

"आन् ताजं?"

"आजचं." प्रभाताईंना हा प्रश्न बावळटपणाचा वाटला असावा.

"दोन्ही एकाच धरणाचं की. तितं ते दोन-दोन वरसं पडून ऱ्हातंय. तितं शिळं होत न्हाय, आन् तुमच्या पिंपात चार दिसांत झालं?"

"ते मला माहीत नाही. आमच्या घरात शिळं पाणी पीत नाहीत. सासूबाईंपासूनची शिस्त आहे."

"किती ओतता?"

"दोन पिंपं. कधी तीन."

"कधीपासनं?"

"घर बांधलं तेव्हापासून. बावीस वर्षं." प्रभाताई अभिमानानं म्हणाल्या. "आणि इथंच ओततो, इथं उतार आहे."

उतार होता खरा, भिंतीकडे होता. ज्या गावात हंडाभर पाण्यासाठी बायका एकमेकींच्या झिंज्या उपटतात, त्या गावात ही शिकलेली बाई दर पाचव्या दिवशी दोन पिंपं चांगलं पाणी स्वतःच्या घराच्या पायात ओतत होती, आणि तिला शिस्त म्हणत होती. पुन्हा घसा कुणाचा धरला तर सुनेचा. म्हशीला दुखणं आणि पखालीला इंजेक्शन. मीनाबाईंना इतका राग आला की त्यांनी आपला 'हं'सुद्धा टाकला नाही.

"बादली ठेवा खाली," त्या सुबोधला म्हणाल्या. "आत चला. कपाट हलवायचंय."

सुबोधनं आईकडे पाहिलं. प्रभाताई म्हणाल्या, हलव, नाहीतरी न्यायचंच आहे. सोनालीनं कपाट रात्रीच रिकामं केलं होतं, तिची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. सुबोधनं एका बाजूनं आणि मीनाबाईंनी दुसऱ्या बाजूनं जोर लावून कपाट पुढे ओढलं. मागे, हिरव्यागार भिंतीच्या मधोमध, कपाटाच्या मापाचा जुन्या रंगाचा चौकोन होता. जमिनीपासून कमरेपर्यंत भिंतीचा गिलावा फुगून सुटला होता आणि त्याला जागोजागी काळी-हिरवी लव आली होती. तो वास बाहेर आला तशी सोनाली दाराकडे सरकली.

प्रभाताईंनी पुढे होऊन भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली. "बघा," त्या म्हणाल्या, "कपाटामागेच आहे. बाकी सगळी भिंत स्वच्छ आहे. म्हणजे कपाटातूनच आली. तिकडे पाटाचं पाणी, जिकडे तिकडे ऊस, सगळं गाव दमट. ओलं लाकूड दिलं त्यांनी लग्नात."

भीमांनी हे ऐकायला हवं होतं, असं मीनाबाईंना फार वाटलं.

त्यांनी सुया कपाटाच्या पाठीला टोचल्या आणि आकडा प्रभाताईंपुढे धरला. कपाट कोरडं होतं. नुसती वरवर धूळ आणि लव. मग त्याच सुया भिंतीत टोचल्या. पायथ्याशी आकडा शेवटाला जाऊन टेकला, गुडघ्याशी थोडा उतरला, डोक्याच्या उंचीला जवळजवळ कोरडं. "ओल खालनं वर चढलीय मॅडम. कपाटातनं आली असती तर वर बी दिसली असती. तुमचं बावीस वर्षांचं शिळं पाणी ह्या भिंतीनं पिलंय. हवेशीर हाय तितं ती वाळती, तुमी रंग देता. कपाटामागं हवा न्हाय, तितं बुरशी धरती. आन् ह्या बशीत बघा, या पोरीच्या उशाशी काय उडतंय ते. ही गच्चीवरची. गावाची हवा बरी, तुमच्या घरातली वाईट."

प्रभाताईंनी बश्या हातात घेतल्या नाहीत. पण त्या हरणाऱ्यांतल्या नव्हत्या. "मग सुबोधला का काही झालं नाही? तोही याच खोलीत राहतो. त्याला साधी शिंक नाही. याचा अर्थ दोष मुळात हिच्यातच आहे."

मीनाबाई सुबोधकडे वळल्या. "साहेब, तुमी झोपता कुटं?"

सुबोधनं शर्टाची बाही नीट केली. त्याच्या मागे दिवाणखाना दिसत होता, दिवाणावर घडी घातलेली चादर आणि एकच उशी.

"बाहेर झोपतो तो," प्रभाताई म्हणाल्या. "हिच्या खोकल्यानं त्याची झोप मोडते, म्हणून. दिवाळीपासून."

"न्हाय," सोनाली म्हणाली. दारातूनच म्हणाली, पण स्पष्ट. "त्यांना आधी खोकला झाला व्हता. माझ्या आधी. ते म्हणाले कचेरीतली धूळ हाय. दिवाळीत बाहेर झोपायला लागले आन् आठ दिसांत थांबला." मग ती सुबोधला म्हणाली, "थांबला का न्हाय?"

"थांबला," सुबोध म्हणाला.

"मग तुमाला कळलं व्हतं."

सुबोधनं कपाटाच्या आरशावर हात ठेवला, जणू ते पडणार होतं. "नक्की असं नाही. मला वाटलं... आईला वाईट वाटेल. हे घर बाबांनी बांधलेलं."

"आन् मला तितंच ठेवलं," सोनाली म्हणाली.

मीनाबाईंनी आयुष्यात पुष्कळ भिंती पाहिल्या होत्या. आतून सडलेली आणि वरून हिरवीगार अशी ही दुसरी त्यांना आज त्याच खोलीत उभी दिसत होती, शर्टाची इस्त्री न मोडता. सासूनं निदान अडाणीपणानं केलं होतं. यानं कळून केलं होतं, आणि दहा वाजता गाडी आली की बॅग उचलायला हा पुढे झाला असता.

प्रभाताईंना त्या खोलीत पहिल्यांदाच बसावंसं वाटलं. त्या पलंगावर बसल्या, लगेच उठल्या आणि बाहेर जाऊन दिवाणखान्यातल्या खुर्चीत बसल्या. थोड्या वेळानं त्यांचा शाळेतला आवाज परत आला. "हे बघा, झालं ते झालं. सोनाली, तुला पुढची खोली देते. भिंत दुरुस्त करून घेऊ. बॅग आत ठेव. वेळापूरची मंडळी येतील, चहा-पोहे होतील, जातील. या विषयाची चर्चा नको. झाकली मूठ बरी असते."

सोनालीनं बॅग उचलली नाही. "आण्णांना तुमी फोनवर सांगितलंय, रोगी पोरगी गळ्यात मारली. काकाला बी सांगितलंय. काकानं अख्ख्या गल्लीला सांगितलं. माझी बहीण लग्नाची हाय अजून. आता लिहून द्या, मी रोगी न्हाय म्हणून."

"मीनाबाईंचा कागद आहे की."

"त्यो भिंतीचा हाय. माझा तुमी लिवा."

प्रभाताईंनी मीनाबाईंकडे पाहिलं. त्यांना वाटलं असावं, ही बाहेरची बाई काहीतरी मध्यम मार्ग काढेल. मीनाबाईंनी पिशवीतून वही काढली, एक पान फाडलं आणि टीपॉयवर ठेवलं. वर पेनही ठेवलं. पहिल्या भेटीत त्यांनी या पोरीला मनातल्या मनात गाय म्हटलं होतं. ते त्यांनी मागे घेतलं, आणि मागे घ्यायला उशीर केल्याबद्दल स्वतःचाही थोडा राग केला.

"आन् मग ऱ्हायचं का जायचं, ते मी ठरवीन," सोनाली म्हणाली.

प्रभाताईंनी लिहिलं. अक्षर मोत्यासारखं, चाळीस वर्षं फळ्यावर घोटलेलं. तारीख, मायना, सगळं जिथल्या तिथं. लिहून झाल्यावर त्यांनी कागद सोनालीकडे सरकवला. सोनालीनं तो उभ्यानंच वाचला. 'आमच्या सुनेस लग्नापूर्वीचा कोणताही आजार बहुधा नसावा.'

"हे बहुदा काढा," सोनाली म्हणाली.

"बहुधा," प्रभाताई सवयीनं म्हणाल्या. "ध आहे तो. धनुष्यातला."

"त्यो ध बी काढा. आन् नसावा न्हाय. नव्हता लिवा."

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. फाटकाची कडी वाजली. सुबोध दाराकडे गेला, कारण त्याला दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. प्रभाताईंनी घाईघाईनं 'बहुधा'वर एक रेघ मारली, 'नसावा'वर दुसरी मारली, वर बारीक अक्षरात 'नव्हता' लिहिलं आणि कागद पुढे केला. सोनालीनं तो हातात घेतला नाही.

"खाडाखोड नको," ती म्हणाली. "नवीन कागद घ्या."

हेडबाईंनी तिच्याकडे मान वर करून पाहिलं. सोनाली टीपॉयपाशी तशीच उभी होती. एकदा खोकली, पण जागची हलली नाही. मीनाबाईंनी वहीतून दुसरं पान फाडून दिलं. प्रभाताईंनी पुन्हा तारखेपासून सुरुवात केली.

सोनालीचे वडील दारात चपला काढत होते. त्यांनी आधी दाराशी भरून ठेवलेली बॅग पाहिली, मग लेकीकडे पाहिलं, आणि आत यावं की तिथूनच बॅग उचलावी हे न कळून ते उंबऱ्यावरच थांबले.

"आण्णा, आत येऊन बसा," सोनाली म्हणाली. "आईंचं लिहून व्हायचंय अजून."